पॅडल मध्येच मुकं होतं, २१ मेगाहर्ट्झवर आपोआप डिट सुटतात – दोष वायरिंगचा की रेडिओचा?

तारायंत्र
नमस्कार मंडळी. आधी मांडणी सांगतो. १०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) हॅम ट्रान्सीव्हर, मागे ३.५ मिमीचा की जॅक, मोर्स पाठवायचं दोन पात्यांचं आयाम्बिक पॅडल: एक पातं डिटचं (ठिपका), दुसरं डाहचं (रेघ), दोन्ही दाबली की आळीपाळीने दोन्ही. मधली केबल दीड मीटरची. बाजारातली तयार ऑडिओ केबल एका टोकाला कापून पॅडलच्या स्क्रूंना जोडली आहे. कीयर (पातं दाबलं की डिट-डाह मोजून बनवणारं सर्किट) रेडिओतलाच, वेग मिनिटाला २० शब्द.

तक्रारी तीन आहेत. एक, डाह अधूनमधून गळतो. 'क्यू'चे (डाह-डाह-डिट-डाह) पहिले दोन डाह आणि डिट जातो, पण शेवटचा डाह येत नाही. दोन, कधीकधी दोन्ही बाजू एकदम बंद पडतात आणि पॅडल जरा सरकवलं की पुन्हा सुरू होतात. तीन, २१ मेगाहर्ट्झवर पॉवर ४० वॅटच्या वर नेली की हात न लावता सुटे डिट जातात. ७ मेगाहर्ट्झवर १०० वॅटलाही हे होत नाही. रेडिओचा जॅक गेला असेल का? वरचं झाकण काढण्याआधी विचारतोय.

ओहम
झाकण काढू नका. आधी साखळी मधोमध तोडा, म्हणजे निम्मा संशय एका झटक्यात मिटतो.

एक सुटा स्टिरिओ प्लग घ्या. त्याच्या टिप (टोक), रिंग (मधली कडी) आणि स्लीव्हला (मागचा भाग) वीतभर लांबीच्या तीन वायरी जोडा. रेडिओ डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर शोषणारा रोध), पॉवर ५ वॅट. पॅडलचा प्लग काढून हा प्लग लावा. टिपची वायर स्लीव्हला टेकवली की डिटची माळ आणि रिंगची टेकवली की डाहची माळ यायला हवी. दोन्ही माळा प्रत्येकी दोन मिनिटं चालू द्या आणि त्या वेळात प्लग हळूहळू फिरवा, वरखाली दाबा. एकही अक्षर तुटलं नाही तर रेडिओ, जॅक, कीयर सगळं सुटलं. तुटलं तर जॅकची सोल्डर तडकली असेल किंवा आतली स्प्रिंग-पट्टी सैल पडली असेल.

प्लग पूर्ण आत बसतोय ना, हेही बघा. जॅक कॅबिनेटच्या पत्र्यामागे दबलेला असेल आणि प्लगचं रबरी अंग जाड असेल तर ते पत्र्याला अडतं आणि प्लग मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर राहतो. मग टिपची पट्टी टिपच्या उतारावर कशीबशी टेकते.

दुसरं काम मीटरचं. रेडिओ बंद करून आकडे घ्या. कंटिन्युइटीच्या बीपवर विसंबू नका. स्वस्त मीटर ३०-५० ओहमपर्यंतही बीप देतात आणि क्षणिक तूट त्यांना ऐकूच येत नाही. २०० ओहमची रेंज लावा, प्रोब एकमेकांना टेकवून प्रोबचाच रोध किती येतो ते बघा आणि तो प्रत्येक आकड्यातून वजा करा.

रत्नागिरीकर
डाहची तक्रार बहुधा संपर्कबिंदूंवरच्या थराची असणार. पावसाळ्यात आमच्याकडे किनाऱ्यावर हे हमखास होतं. पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, चांदीचे बिंदू काळे पडतात.

लोकांना वाटतं, इतकासा थर काय करणार. पण की लाइनवर प्रवाह किती असतो ते बघा. बहुतेक आधुनिक रिगमध्ये ३.३ किंवा ५ व्होल्ट, तेही काही किलो-ओहमच्या पुल-अप रोधातून (की उघडी असताना लाइनचा व्होल्टेज वर धरणारा). म्हणजे मिलिअँपियरच्या आतबाहेर. जुन्या व्हॉल्व्ह सेटमध्ये की कॅथोडच्या वाटेत असायची, तिथला व्होल्टेज आणि प्रवाह हा थर जाळून आपली वाट मोकळी करायचा. पाच व्होल्टला ते जमत नाही, थर जिथल्या तिथे राहतो. म्हणून आजच्या रिगवर पॅडलची स्वच्छता जास्त महत्त्वाची.

आणखी एक मोजा. बऱ्याच पॅडलमध्ये पाती म्हणजे कॉमन (दोन्ही बाजूंची सामाईक परतीची वाट) आणि डिट-डाहचे खांब बेसपासून इन्सुलेट केलेले असतात. पात्याला कॉमन मिळतो तो पिव्हटमधून किंवा स्प्रिंगमधून. पिव्हटवर तेल-धूळ साचली असेल तर संपर्कबिंदू आरशासारखे असूनही पॅडल तोतरं बोलतं. मीटरचा एक प्रोब पात्यावर, दुसरा बेसवर ठेवा आणि पातं हलवत आकडा बघा.

डिटडाह
चेकलिस्टमध्ये दोन गोष्टी माझ्याही. प्लग मोनो असेल तर त्याची लांब स्लीव्ह जॅकमधल्या रिंगच्या पट्टीलाही टेकते आणि कीयर चालू असल्यास प्लग लावताक्षणी डाहची अखंड माळ सुटते. ६.३५ ते ३.५ चा अडॅप्टर मध्ये असेल तर तोही स्टिरिओच हवा.

दुसरं, 'शेवटी एक अक्षर जास्तीचं जातं' ही तक्रार असेल तर ती वायरिंगची नव्हे. आयाम्बिक बी मोडमध्ये दोन्ही पाती दाबून सोडली की कीयर एक विरुद्ध घटक स्वतःहून जोडतो. ए मोड लावून बघा. पण तारायंत्र यांचे डिट हात न लावता जातायत, म्हणजे हे कारण त्यांच्याकडे नाही.

तारायंत्र
तपासलं. सुट्या प्लगने दोन्ही माळा सलग, प्लग कितीही हलवला तरी खंड नाही. टिपवर आणि रिंगवर उघड्या स्थितीत ५ व्होल्टच्या आसपास येतात. म्हणजे रेडिओ ठीक.

पॅडलचे आकडे, प्रोब वजा करून:
डिट दाबल्यावर खांब ते पातं ०.५ ओहम, स्थिर.
डाह दाबल्यावर २ ओहमपासून थेट रेंजबाहेर, बोटाच्या दाबाप्रमाणे नाचतो. २० किलोच्या रेंजवर कधी ३, कधी ९ किलो-ओहम.
दोन्ही पाती ते बेस ०.३ ओहम, हलवूनही तेवढेच.
रेडिओचं चॅसिस ते पॅडलचा बेस, प्लग रेडिओत असताना, ०.४ ओहम.

म्हणजे कॉमन चांगला आहे असं धरतो. पॅडलचा बेस साडेतीन मीटरच्या हिरव्या-पिवळ्या वायरने स्टेशनच्या अर्थ-पट्टीला जोडला आहे, रेडिओही त्याच पट्टीवर आहे. मग दोन्ही बाजू एकदम का जातात?

ओहम
उत्तर तुमच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. चॅसिस ते बेस ०.४ ओहम आला तो केबलच्या शील्डमधून आला की त्या अर्थ-वायरीतून, हे या मोजणीतून कळत नाही. दोन वाटा समांतर आहेत, त्यातली एक तुटलेली असली तरी मीटर दुसरीचा आकडा दाखवणार.

माझा अंदाज सरळ सांगतो. केबलची शील्ड प्लगपाशी तुटली आहे आणि कॉमन आजवर अर्थ-वायरीवरून चाललाय. तसं असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीचं मूळ एकच. बेसवरच्या स्क्रूखाली ती वायर जरा सैल असली की पॅडल सरकवताना कॉमन जातो आणि दोन्ही बाजू एकदम मुक्या होतात.

आता २१ मेगाहर्ट्झ. चतुर्थांश तरंगलांबी काढा: ७५ भागिले २१ म्हणजे साधारण ३.५७ मीटर, इन्सुलेशन असलेल्या वायरीत थोडी कमी. तुमची अर्थ-वायर साडेतीन मीटर. एका टोकाला पट्टीवर बांधलेली चतुर्थांश तरंगाची वायर दुसऱ्या टोकाला, म्हणजे पॅडलच्या बेसवर, त्या फ्रिक्वेन्सीला अर्थ राहतच नाही. तिथे इम्पीडन्स (एसीला होणारा रोध) भरपूर वाढतो आणि आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) व्होल्टेज उभा राहतो. तोच व्होल्टेज टिप-रिंगच्या वायरींतून जॅकवर येतो, इनपुटची संरक्षक डायोड त्याचं डीसी करते आणि कीयरला वाटतं की पातं दाबलं. ७ मेगाहर्ट्झवर चतुर्थांश लांबी १०.७ मीटर, त्यामुळे तिथे ती वायर अजून बऱ्यापैकी अर्थासारखी वागते. ४० वॅटची मर्यादाही याच्याशी जुळते.

खात्री करायची तर बेसची अर्थ-वायर पूर्ण काढा, पॅडल लाकडावर किंवा वहीवर ठेवा, डमी लोडवर ५ वॅटला दाबून बघा. पॅडल साफ बंद पडलं तर शील्ड तुटलीय. मग प्लग रेडिओबाहेर काढून स्लीव्ह ते बेस मोजा.

डाहचा दोष मात्र वेगळा आहे, दोन्ही एकत्र कालवू नका. १० किलोचा पुल-अप आणि ५ व्होल्ट धरले तर संपर्काचा रोध ४.३ किलो झाला की लाइनवर दीड व्होल्ट उरतात. साधारण त्याच्या वर कीयरला 'दाबलं' असं वाटत नाही. म्हणून ३ किलोला डाह जातो, ९ किलोला गळतो.

सोल्डरगन
केबल कुठली आहे तेही बघा. प्लगवर काळ्या कड्या किती? दोन असतील तर तीन पोलचा प्लग, ठीक. तीन कड्या असतील तर तो मोबाइलच्या हेडसेटचा चार पोलचा. त्यात सध्याच्या प्रचलित रचनेत कॉमन दुसऱ्या रिंगवर असतो आणि स्लीव्हवर माइक. रेडिओच्या तीन पोलच्या जॅकची स्लीव्ह-पट्टी तोंडाशी असते, ती माइकच्या भागाला टेकते आणि कॉमन अधांतरी राहतो. अशी केबल पॅडलला वापरूच नये.

तीन पोलची असेल तर साच्यातल्या प्लगची मान तपासा. केबल जिथे रबरातून बाहेर येते तिथे पहिल्या सेंटीमीटरभरात शील्डचे तंतू तुटतात. बाहेरून सगळं शाबूत दिसतं. मीटर लावून मान चारी दिशांना वाकवा.

तारायंत्र
दोन कड्या, तीन पोल. अर्थ-वायर काढली आणि पॅडल पूर्ण बंद. स्लीव्ह ते बेस रेंजबाहेर. मान एका बाजूला वाकवून दाबली की क्षणभर ६-७ ओहम येतात. साचा चिरून बघितला: शील्डचे सगळे तंतू मानेपाशी तुटलेले, टिप-रिंगच्या वायरी शाबूत.

आता नवीन केबल घालतो. केबल कुठली घ्यावी, प्लग कसा, आणि २१ वरचा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून आणखी काय करावं?

सोल्डरगन
केबल: दोन कोर अधिक विणलेली शील्ड, बाहेरचा व्यास ४ मिमीच्या आसपास. माइकची बॅलन्स्ड केबल म्हणून मागा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. सव्वा मीटर पुरे. हेडफोनची केबल चुकूनही घेऊ नका. तिच्या तंतूंवर रंगीत लाखेचा थर असतो आणि आत नायलॉनचा धागा. लाख नीट न जळता सोल्डर चढली तर जोड वरून चकचकीत आणि आतून अर्धवट, पुन्हा हाच धागा उघडायची वेळ येईल.

प्लग धातूच्या आवरणाचा आणि मागे स्प्रिंग असलेला घ्या. केबलच्या व्यासाला त्याचं भोक पुरतं का ते दुकानातच घालून बघा, स्वस्त प्लगांत ४ मिमी जात नाही.

आवरण, स्प्रिंग आणि आतली प्लास्टिकची नळी आधी केबलवर ओवा. बाहेरचं आवरण १२ मिमी सोला. शील्ड सुईने उकलून एका बाजूला पीळ द्या. कोर ३ मिमी सोला, दोन्हींवर श्रिंकच्या बारीक नळ्या सरकवून मागे ठेवा. प्लग एखाद्या टाकाऊ जॅकमध्ये खोचून मग सोल्डर करा. पट्ट्या तापल्या की आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि टिप तिरकी होते, जॅकमध्ये असली की सरळ राहते. ३३० ते ३५० अंश, ६०/४० ची रोझिनवाली तार ०.८ मिमी, प्रत्येक जोड दोन सेकंदांत. टिपला डिट, रिंगला डाह, लांब पट्टीला शील्ड. कोणती पट्टी कशाची हे दिसण्यावरून ठरवू नका, मीटरने ठरवा.

लांब पट्टीचे कान केबलच्या बाहेरच्या आवरणावर दाबायचे, कोरवर नाही. ताण आवरणाने घ्यायचा, सोल्डरने नाही. हेच पॅडलच्या टोकालाही: स्क्रूपर्यंत केबल नुसती लोंबू देऊ नका, बेसवर एक क्लिप किंवा केबल टाय द्या.

शेवटी टिप-रिंग, टिप-स्लीव्ह, रिंग-स्लीव्ह तिन्ही जोड्या मीटरच्या सर्वांत वरच्या रेंजवर मोजा. पाती सुटी असताना तिन्ही रेंजबाहेर हवेत. काही मेगओहम दिसले तर फ्लक्स राहिलाय, अल्कोहोलने पुसा.

ओहम
बेसवरची ती अर्थ-वायर परत लावू नका. पॅडलचा कॉमन केबलच्या शील्डमधून रेडिओकडे, एवढी एकच वाट हवी. दुसरी वाट दिली की लूप होतो आणि तो आरएफ गोळा करतो. पॅडलला वेगळ्या अर्थिंगची गरज नाही. विजेच्या सुरक्षेचं अर्थिंग रेडिओ आणि पॉवर सप्लायला आहेच, ते तसंच ठेवा.

नवीन केबल घातल्यावर बहुधा काहीच करावं लागणार नाही. तरी २८ मेगाहर्ट्झपर्यंत १०० वॅटला तपासा. डिट सुटलेच तर टिप ते स्लीव्ह आणि रिंग ते स्लीव्ह एकेक सिरॅमिक कपॅसिटर लावा, १० नॅनोफॅरड, म्हणजे ज्यावर १०३ छापलेलं असतं तो. २१ मेगाहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स (त्या फ्रिक्वेन्सीला होणारा रोध) पाऊण ओहम. पण पाय सेंटीमीटरभर ठेवले तर त्यांचाच इंडक्टन्स त्याहून जास्त भरतो, म्हणून पाय ३-४ मिमीच ठेवायचे. जागा रेडिओच्या टोकाला. प्लगच्या आवरणात डिस्क मावत नाही, तिथे एसएमडी बसतो. नाहीतर जॅकच्या शेजारी छोटी धातूची डबी.

कपॅसिटरमुळे कीइंग मंद होईल ही भीती नको. १० किलो गुणिले १० नॅनोफॅरड म्हणजे ०.१ मिलिसेकंद. २० शब्दांना एक डिट १२०० भागिले २० म्हणजे ६० मिलिसेकंदांचा. त्यात ०.१ कुठे दिसणार?

फेराइट (केबलवरचा आरएफ अडवणारा कोर) लावायचं तर एचएफला ३१ नंबरचं मटेरियल. ४३ नंबर खालच्या बँडवर कमी पडतं. क्लिपच्या कोरमधून केबल एकदाच सरळ नेली तर फारसा उपयोग नाही. इम्पीडन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांना जवळजवळ पंचवीसपट. आतलं भोक १३ मिमीचं असेल तर ४ मिमीच्या केबलचे पाच वेढे बसतात. हेही रेडिओजवळच.

रत्नागिरीकर
आता डाहचं. पॉलिश पेपर, फाइल, ब्लेड यातलं काहीही लावू नका. सोन्याचा मुलामा असेल तर तो एका घाशीत जातो, आणि चांदीवर पडलेल्या ओरखड्यांत नवा थर आणखी पटकन बसतो.

साध्या कोऱ्या बाँड पेपरची ५ मिमी रुंद पट्टी कापा. टोक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून बिंदूंच्या मध्ये घाला, पातं अगदी हलकं दाबा आणि पट्टी ओढून घ्या. पट्टीवर काळी रेघ उमटेल. नवीन जागा घेत घेत रेघ यायची थांबेपर्यंत करा, मग कोरडी पट्टी दोनदा. तेलकट कॉन्टॅक्ट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं.

त्यानंतर अंतर जुळवा. ७५-८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा. पट्टी बिंदूंच्या मध्ये ठेवून स्क्रू इतका आवळा की कागद जेमतेम सरकेल. लॉक-नट आवळताना अंतर बदलतं, म्हणून नट आवळल्यावर कागद पुन्हा घालून बघा. दोन्ही बाजूंना सारखंच. डाहच्या बाजूची स्प्रिंग सैल असेल तर थोडी आवळा. तुमचा आकडा दाबाप्रमाणे नाचत होता, म्हणजे बोटाचा दाब कमी पडेल तिथे थर उघडा पडतो. हलका हात असणाऱ्यांना हा दोष आधी जाणवतो.

पॅडल वापरात नसताना झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. रबराचे तुकडे किंवा रबरबँड त्याच डब्यात ठेवू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

नवशिका७३
मध्येच विचारतो. याच जॅकवर साधी सरळ की लावायची असेल तर प्लग मोनो घ्यावा का?

सोल्डरगन
नाही, प्लग स्टिरिओच. की टिप आणि स्लीव्हमध्ये जोडा, रिंग मोकळी सोडा. मग मेनूमध्ये कीयर बंद करा किंवा प्रकार 'स्ट्रेट' निवडा. आयकॉम आयसी-७३०० मध्ये स्ट्रेट, बग आणि पॅडल असे तीन पर्याय आहेत आणि जॅक ६.३५ मिमीचा आहे. यासू एफटी-८९१ ला ३.५ मिमीचा, त्यात कीयर 'ऑफ' करायचा. प्लग घेण्याआधी आपल्या रिगचा जॅक कोणता ते बघून जा. साइडटोन (रेडिओ स्वतःच ऐकवतो तो सूर) येतो पण पॉवर जात नाही असं झालं तर आधी ब्रेक-इन (की दाबताच आपोआप ट्रान्समिट होण्याची सोय) चालू आहे का ते बघा, केबल उकलायला घेऊ नका.

तारायंत्र
सगळं झालं. नवीन केबल सव्वा मीटर, अर्थ-वायर काढून टाकली. स्लीव्ह ते बेस ०.१ ओहम, मान कुठेही वाकवली तरी तेवढाच. डिट ०.४, डाह ०.५, दोन्ही स्थिर, अगदी हलक्या दाबालाही. तिन्ही जोड्या पाती सुटी असताना रेंजबाहेर. २१ मेगाहर्ट्झवर १०० वॅटला सुटा डिट नाही. २४ वरही नाही. २८ वर मात्र ९० वॅटच्या वर क्वचित एखादा सुटतो. कपॅसिटर अजून लावलेले नाहीत.

ओहम
मग लावा, १०३ चे दोन. त्याआधी एकच करा: २८ वर पॅडलचा प्लग पूर्ण काढून, जॅक रिकामा ठेवून, माइकच्या पीटीटीने (बोलायचं बटण) एएम किंवा एफएममध्ये कॅरियर द्या आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळते त्याचं माप) बघा. प्रमाणाबाहेर असेल तर फीडलाइनवरून (अँटेनाच्या कोॲक्स केबलवरून) आरएफ खोलीत येत असू शकतो आणि पॅडल फक्त ते दाखवत असेल. तेव्हा ३१ नंबरचं फेराइट की-केबलपेक्षा कोॲक्सवर, अँटेनाच्या फीडपॉइंटला लावायचं. एसडब्ल्यूआर चांगला असला तरी कोॲक्सच्या बाहेरच्या बाजूने प्रवाह येऊ शकतो, म्हणून पॅडलचा प्लग परत लावून कोॲक्स रेडिओजवळ हाताने धरून बघा. धरल्यावर डिटचं प्रमाण बदललं तरी निदान तेच.